भोपळ्याचे अंतरंग

परसातील थोरल्या भोपळ्याचे बियाणे राखावे, असा घरात आग्रह होता. चिरला, तो गर फिकट व पाणचट! दुसऱ्या वेलावरील धाकट्याचा मात्र गर्द केशरी. तेव्हा आम्हांस कॅनडातील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने सिद्ध केलेली ‘अटलांटिक जायंट’ ही जात आठवली. त्या जातीचा एक भोपळा २०२३ साली अमेरिकेत १,२४७ किलो भरला. पण अशा महाकाय फळांचा गर बहुधा बेचव व रेषाळच असतो.

केशरी रंग कॅरोटीनचा. शरीरात त्याचे अ जीवनसत्त्व बनते व ते मुलांची दृष्टी राखते. भाजीस थोडे तेल असले म्हणजे ते अंगी लागते. म्हणून, वाचकहो, बियाणे राखताना आकारास भुलू नका. आधी गर पाहा. आम्ही धाकट्याच्याच बिया राखेत घोळून ठेवल्या आहेत.