क्रेन १० टनांची आहे, पण किती तासांची?

अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रांच्या सुरक्षिततेबद्दल एक आदेश काढला. यादीतल्या यंत्रांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं, असा त्याचा अर्थ. पंप, कॉम्प्रेसर, मशिन टूल्स यांच्यासोबत त्या यादीत क्रेनही आहेत. अंमलबजावणी आधी ऑगस्ट २०२५ पासून होणार होती, नंतर ती सप्टेंबर २०२६ वर ढकलली गेली.

प्रमाणपत्र हवंच. पण त्याने एक प्रश्न सुटत नाही: ही क्रेन *तुमच्या* कामाला पुरणार आहे का? हे ठरवतो ड्यूटी क्लास, आणि त्यासाठी लागणारी माहिती फक्त क्रेन घेणाऱ्याकडेच असते.

ड्यूटी क्लास म्हणजे काय?

शेडच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर, कामगारांच्या डोक्यावरून फिरते ती ईओटी क्रेन. तिच्यावर ठळक अक्षरांत '१० टन' लिहिलेलं असतं. फोनच्या भाषेत ही झाली एमएएच. पण फोन घेताना आपण बॅटरी किती चार्जिंग सायकल टिकते हेही बघतो ना? क्रेनमध्ये ते काम ड्यूटी क्लास करतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत यंत्रणेचे एम१ ते एम८ असे आठ क्लास आहेत. दोन गोष्टींवरून क्लास ठरतो: यंत्रणा एकूण किती तास चालणार, आणि त्यातला किती वेळ किती लोड असणार.

युरोपातल्या एफईएम पद्धतीनुसार उचलणारी यंत्रणा (हॉइस्ट) पूर्ण लोडवर किती तास चालेल, ते बघा:

- एम४: ८०० तास
- एम५: १६०० तास
- एम६: ३२०० तास

म्हणजे एक पायरी चढली की आयुष्य दुप्पट.

गंमत पुढे आहे. बॅटरी अर्धी वापरली की अर्धी सायकल मोजली जाते. क्रेनमध्ये झीज लोडच्या घनाने मोजतात. अर्ध्या लोडवर झीज निम्मी नाही, तर फक्त एक अष्टमांश!

एक साधा हिशोब

समजा, एका वर्कशॉपमध्ये हॉइस्ट रोज २ तास चालतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६०० तास. त्यातले १०० तास पूर्ण लोड, ५०० तास अर्धा लोड. हिशोब असा:

१०० + (५०० ÷ ८) = १६२.५ पूर्ण लोडचे तास दरवर्षी.

एम५ घेतली तर साधारण १० वर्षं निघतील. एम४ घेतली तर पाचही नाहीत. आता ऑर्डर वाढल्या आणि दुसरी शिफ्ट सुरू झाली. क्रेन तीच, टन तेच, पण एम५ चं आयुष्य १० वरून ५ वर्षांवर आलं. आणि रोजचे दोन्ही तास पूर्ण लोड असेल तर १६०० ÷ ६००, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आत खेळ खलास. त्या दिवशी क्रेन पडेल असं नाही, पण हॉइस्टची मोठी दुरुस्ती किंवा बदली तेव्हा झालीच पाहिजे. ती न करता क्रेन चालवत राहणं हाच खरा धोका.

मग सरळ एम८ घ्यायची का?

नाही. वरचा क्लास म्हणजे जास्त किंमत. वजन वाढलं तर रूळ आणि खांबही भक्कम लागतात. मेन्टेनन्ससाठी महिन्यातून चार वेळा वापरायच्या क्रेनवर हा खर्च कशाला?

पण वितळलेला धातू उचलायचा असेल तर गोष्टच वेगळी. १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या एका स्टील कारखान्यात ३० टनांचं वितळलेल्या पोलादाचं लॅडल खाली पडलं आणि ३२ कामगार गेले. अशा कामासाठी खास क्रेन लागते, तिथे सर्वसाधारण क्रेन वापरली होती, असं चौकशीत समोर आलं. टनांचा आकडा जुळला म्हणजे क्रेन योग्य, असं नसतं. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्रांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

सॉफ्टवेअर कुठे येतं?

आता अनेक हॉइस्टमध्ये लोड आणि तास मोजणारं युनिट बसवता येतं. प्रत्येक उचल नोंदवली जाते, वरचाच घनाचा हिशोब आपोआप होतो आणि उरलेलं आयुष्य टक्क्यांत दिसतं. बॅटरी हेल्थसारखंच! मात्र ते कोणीतरी उघडून बघायला हवं.

तुम्ही काय विचाराल?

आपल्यापैकी बरेच जण आयटीआय, डिप्लोमा किंवा अप्रेंटिसशिपमुळे शॉप फ्लोअरवर जातात. क्रेन खरेदीची सही तुमची नसेल, पण क्रेनखाली उभे तुम्हीच असता. तेव्हा तीन प्रश्न विचारा:

१. हॉइस्टचा ड्यूटी क्लास काय आहे?
२. क्रेन घेतली तेव्हा किती शिफ्ट चालायच्या, आणि आता किती चालतात?
३. आतापर्यंत किती तास झाले, याची नोंद कुठे आहे?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या क्रेनचं किती आयुष्य उरलंय हे त्या शेडमध्ये कुणालाच माहीत नाही, एवढं समजून चाला. आणि लोड वर असताना खाली थांबू नका.