औषध आधी, उलगडा नंतर

मेंदूतल्या चेतापेशींना आवर घालणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा. त्याचा परिणाम बायकुकुलीन हे रसायन रोखतं, हे 1970 मध्ये समोर आलं होतं. लंडनचे संशोधक नॉर्मन बाउरी यांना मात्र उंदराच्या हृदयाच्या कप्प्यात वेगळंच दिसलं. गाबामुळे तिथल्या चेतातंतूंतून नॉरअॅड्रेनलिन हे संदेशवाहक रसायन कमी स्रवत होतं आणि बायकुकुलीन घालूनही त्यात फरक पडत नव्हता.

दुसरा कुणी प्रयोग फसला म्हणून मोकळा झाला असता! बाउरींनी तोच धागा धरला आणि 1980-81 मध्ये ‘गाबा-बी’ हा नवा रिसेप्टर, म्हणजे गाबा पेशीवर जिथे जोडलं जातं ती वेगळी जागा, मांडला. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन रुग्णांना आधीपासून दिलं जात होतं. ते नेमकं याच रिसेप्टरवर काम करतं, हे आता उमगलं.

असं संशोधन वर्षानुवर्षं चालतं; त्याला दोन-तीन वर्षांच्या निधीत कोंबणं अन्यायाचं आहे. या रिसेप्टरचं जनुक हाती लागायलाच 1997 उजाडलं.