जुना ईमेल पत्ता गेलाय? आजच हालचाल करा

कंपनीचा, कॉलेजचा किंवा जुन्या इंटरनेट कंपनीचा ईमेल पत्ता ज्यांचा बंद झालाय किंवा होणार आहे, त्या सगळ्यांना कळकळीची विनंती: हे काम रविवारवर ढकलू नका. पेटी अजून उघडत असेल तर आत्ताच आत शिरा. शोधात इंग्रजीतून ओटीपी, स्टेटमेंट, पॉलिसी असे शब्द टाकून पाहा. कुठली बँक, कुठलं डिमॅट खातं, कुठली विमा कंपनी अजून तिथेच पत्रं धाडतेय ते लगेच कळेल.

पेटी उघडतच नसेल, तर मोबाइल नंबर काही झालं तरी बंद पडू देऊ नका. बँकेच्या शाखेत अर्ज देऊन ईमेल बदलता येतो. प्राप्तिकराच्या पोर्टलवर पॅन टाकून आत जाता येतं, तिथल्या प्रोफाइलमध्ये नवा पत्ता भरा. प्राप्तिकर खात्याच्या नोटिसा नोंदवलेल्या ईमेलवरही येतात. ‘मला मिळालीच नाही’ हे नंतर पटवून देणं जड जातं.

आता एलियस, म्हणजे एकाच पेटीचे जादा पत्ते. खरी फसगत इथेच होते. जुन्या पेटीकडे मेल वळवणारा एलियस वरवर जिवंत दिसतो, पण पत्र जातं बंद दारावर. दुसरी गोष्ट, जीमेलमध्ये ‘सेंड मेल अ‍ॅज’खाली जुना पत्ता राहिला असेल तर तुमचं उत्तर त्याच नावाने जाऊ शकतं आणि समोरचा बिचारा तिथेच लिहीत बसतो. सेटिंग्जमधून तो काढा, नवा पत्ता डीफॉल्ट करा. यापुढे बँकेसाठी वेगळा पत्ता हवा असेल तर जीमेलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडा. मेल त्याच पेटीत येतं. काही संकेतस्थळं हे चिन्ह घेत नाहीत, तो त्यांचा आळस.

आणि सोडलेला पत्ता कायम रिकामाच राहील असं समजू नका. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेली नावं दुसऱ्यांना दिली, तेव्हा जुन्या मालकांची खासगी मेल नव्यांच्या हाती पडली. दुकान बंद केलंत आणि त्याच्या डोमेनचं नूतनीकरण थांबवलंत, तर ते डोमेन विकत घेणाऱ्याला तुमच्या नावची सगळी पत्रं मिळू शकतात. आणखी काही वर्षं ते पैसे भरा.

म्हणून बाकी काही नाही जमलं तरी आज एवढं कराच: नव्या खात्याचा रिकव्हरी ईमेल कुठला आहे ते उघडून बघा. तो जुनाच असेल, तर बदलल्याशिवाय झोपू नका.