भुताची गोष्ट आणि म्हशीचं दूध

थंडीच्या रात्री मोठ्या. जेवणं उरकली की माणसं शेकोटीभोवती बसतात आणि बोलता बोलता विषय भुताखेतांवर जातोच. म्हणून या खेपेला भयकथांच्या पुस्तकांविषयी चार शब्द.

मराठीत या कथेला दोन लेखकांनी घरोघर पोचवलं. एक नारायण धारप (१९२५–२००८) आणि दुसरे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). धारपांच्या कथेत चारचौघांसारखं साधं घर असतं आणि बाहेरचं काहीतरी वाईट त्यात शिरतं. त्याच्याशी झुंजायला त्यांनी ‘समर्थ’ नावाचा माणूस उभा केला. मतकरींची तऱ्हा निराळी. ‘खेकडा’, ‘गहिरे पाणी’ हे त्यांचे कथासंग्रह. त्यांच्या पुष्कळ कथांत भूत दिसतही नाही. माणसाच्या मनातला हेवा, हाव, एकटेपणा वाढत जातो आणि आपल्याला त्याचीच भीती वाटू लागते.

असा संग्रह एका बैठकीत संपवू नये. रोज एकच कथा वाचावी. आवडली तर आठ दिवसांनी पुन्हा वाचून बघावी. नुसत्या शेवटच्या धक्क्यावर उभी असलेली कथा दुसऱ्या वाचनात फुसकी निघते. माणूस ओळखून लिहिलेली कथा दुसऱ्यांदा जास्त भिववते. हरभऱ्यात काही घाटे पोचट निघतात, तसंच संग्रहाचंही असतं. तेवढ्यासाठी सगळी रास टाकून देऊ नये.

आता आमच्या नारायणगडाखालच्या वस्तीवरची गोष्ट सांगतो. मतकरींचा संग्रह घेऊन मी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसलो होतो. घरातली आजी एकादशीला न चुकता गडावर जाणारी. ती म्हणाली, “भुताची पुस्तकं घरात आणू नगा. लेकरं झोपंत दचकतेत.” तरी मी एक छोटी कथा मोठ्यानं वाचली. आजी वाती वळत होती, पण ऐकत होती.

कथा संपली आणि नातवानं विचारलं, “आजी, मग वरल्या आळीच्या मावशीला चेटकीण म्हणतेत, ते खरं का? तिनं बघितलं म्हणून आपली म्हैस आटली?”

सगळे गप्प झाले. ही कुजबूज घराघरांत चालली होती, पण उघड कुणी बोललं नव्हतं. पोरानं बोलून टाकलं.

बऱ्याच वेळानं आजी म्हणाली, “म्हैस गाभण हाय रं. आटायचीच. तिचा काय दोष?”

मंडळी, मतकरींनीच ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण रंगवली. तिला बघून पोरं खदखदा हसतात. पडदा पडला की ती चेटकीण संपते. गावात मात्र एखाद्या एकट्या बाईला हा शब्द चिकटला, तर तिला पाणी भरणंही मुश्कील होतं. म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. अमक्यानं करणी केली, मंत्रानं जनावराचं दूध आटवलं, असा आळ घेऊन कुणाचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा भयकथा अवश्य वाचा. अगदी लहान लेकरांना नको, पण दहा-बारा वर्षांपुढच्या पोरांना जवळ बसवून वाचून दाखवा. वाचून झाल्यावर लगेच उठू नका. पोरं काय विचारतात ते ऐका. पुस्तकातलं भूत खोटं आहे, हे त्यांना लवकर कळतं. गावातलं भूतही खोटंच आहे, हे मात्र आपल्यालाच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी आजीनं खुरपणीला जाताना त्या मावशीला हाक मारली. दोघी एका बांधावर बसून जेवल्या. संध्याकाळी आजीनं मला विचारलं, “ते पुस्तक संपलं का अजून हाय?”