उमेदवार मिळत नाहीत म्हणे!

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही कंपनीत दिव्यांगांच्या नोकरीचा विषय काढा, तोंडावर नकार कोणी देत नाही. "आम्हाला घ्यायचंच आहे हो, पण उमेदवारच मिळत नाहीत," असं सुस्कारा टाकून सांगितलं जातं. नकारापेक्षा हे उत्तर फार सोयीचं आहे. दोष समोरच्याच्या पदरात टाकता येतो आणि आपलं मोठं मनही दाखवून होतं.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. विचारपूस करायची तर पत्ते हाताशी आहेत. मग उमेदवार जातात कुठे? ते वाटेतच गळतात, आणि गाळणी कंपनीचीच असते. जाहिरातीत 'स्वतःची दुचाकी आवश्यक' असं लिहिलेलं असतं आणि काम असतं दिवसभर खुर्चीत बसून करायच्या डेटा एंट्रीचं. कर्णबधिर मुलीचा अर्ज निवडला, तर पहिली फेरी फोनवर. ती फोन उचलत नाही, नावापुढे शेरा पडतो 'नॉट रिस्पॉन्डिंग'. अंध मुलगा स्क्रीन रीडरवर ऐकत ऐकत अख्खा अर्ज भरतो आणि शेवटी वाकड्यातिकड्या अक्षरांच्या कॅप्चापाशी अडकतो. आवाजाचा पर्याय ठेवायचं कुणाला सुचलेलंच नसतं. कंपनीच्या दप्तरी या मुलाने अर्जच केलेला नाही.

दुसरा आक्षेप क्षमतेचा. "काम जबाबदारीचं आहे, त्यांना झेपणार नाही." उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी 2016 मध्ये लागलेल्या यूपीएससीच्या निकालात 773 वा क्रमांक मिळवला. भारतीय रेल्वे लेखा सेवा त्यांच्या वाट्याला आली, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. पुढच्या परीक्षेत त्या 124 व्या आल्या, आयएएस झाल्या आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. रेल्वेचे हिशेब ज्यांना जमणार नाहीत असं ठरलं होतं, त्यांच्या हाती महसुलाचा कारभार आला.

हे उदाहरण देताना मात्र मला संकोच वाटतो. धडधाकट माणसाला कारकून व्हायला आयएएसची गुणवत्ता दाखवावी लागत नाही. सामान्य हुशारीच्या दिव्यांग मुलाला सामान्य पगाराची नोकरी मिळते का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून मला मुंबईच्या मिरॅकल कुरिअर्सचं उदाहरण जास्त पटतं. ध्रुव लाक्रा यांनी 2009 मध्ये ही कंपनी काढली आणि कुरिअरचं काम कर्णबधिर मुलामुलींकडे दिलं. पत्ता वाचायचा, पाकीट द्यायचं, सही घ्यायची. यात असामान्य काही नाही, आणि तेच महत्त्वाचं.

खर्चाचं रडगाणं थोडक्यात आटोपतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मुलाखतीचे प्रश्न चॅटवर विचारायला पैसे पडत नाहीत. दिव्यांग कर्मचाऱ्याच्या पीएफ आणि ईएसआयमधला मालकाचा वाटा पहिली तीन वर्षं सरकारने भरावा, अशी केंद्राची योजना 2008 मध्येच आली. एचआरमधल्या किती जणांनी तिचं नाव ऐकलंय, कोण जाणे.

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. "येणार कसे?" हा प्रश्न खोटा नाही. पण तो या शहरात विचारावा लागतो याची लाज शहराने बाळगावी. मुंबई वाढत गेली तशी वाढली, नवी मुंबई कागदावर आखून उभी केली. सिडकोने वाशी-बेलापूरला स्थानकाच्या डोक्यावरच कार्यालयं बांधली. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी याहून चांगली रचना कुठली? पण एक लिफ्ट बंद पडली किंवा भुयारी मार्गाला नुसत्याच पायऱ्या असल्या, की वरच्या मजल्यावरची नोकरी खालच्या फलाटावरूनच सुटते. दिव्यांगांच्या डब्यात ऐन गर्दीच्या वेळी कोण बसलेलं असतं, ते हार्बर लोकलच्या प्रवाशांना सांगायला नको.

एवढं झालं की कोणीतरी नोकरीऐवजी स्टॉल द्यायचा विषय काढतो. पूर्वी पीसीओच्या टपऱ्या दिव्यांगांना दिल्या जात. मोबाइल आला आणि तो धंदाच बसला. एका अख्ख्या समाजगटाला एका धंद्याला बांधलं की हे असं होतं. आता राज्याचं दिव्यांग महामंडळ बॅटरीवर चालणारी फिरती दुकानं देतं. ज्याला धंदा करायचाय त्याने तो जरूर करावा. पण टॅली येणाऱ्या बी.कॉम. पोराच्या हातात गाडीची किल्ली ठेवून 'जा, वडापाव विक' म्हणणं याला रोजगार देणं म्हणत नाहीत. दिवाळीत महापे-ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचं टेबल लागतं. सगळे पणत्या घेतात, फोटो काढतात. त्या टेबलामागच्या मुलाला वर मेलरूममध्ये टपाल लावायला ठेवून घ्यावं, हे कुणाच्या मनात येत नाही.

"सरकारी आरक्षण आहे की!" हा शेवटचा आक्षेप. आहे. 1995 च्या दिव्यांग कायद्यात ते 3 टक्के होतं, 2016 च्या कायद्याने 4 टक्के केलं. खासगी क्षेत्रावर मात्र सक्ती नाही. मनुष्यबळात निदान 5 टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो. आणि सरकारी 4 टक्के तरी कशाचे? कायम पदांचे. इकडे महापालिकेची साफसफाई, उद्यानं, सुरक्षा अशी किती कामं ठेकेदाराकडे गेली आहेत! ठेक्यावरच्या माणसांना हे आरक्षण लागू होत नाही. म्हणजे टक्का वाढला, पण तो ज्याचा काढायचा ते पद आटत चाललं.

म्हणून आता भांडण निविदेच्या अटींवर व्हायला हवं. महापालिका, सिडको आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ, तिघांकडेही मदतकक्ष, तिकीट खिडकी, सीसीटीव्ही कक्ष, नोंदवह्या अशी ढीगभर कंत्राटी कामं निघतात. अशा प्रत्येक निविदेत शेकडा 5 दिव्यांग कर्मचाऱ्यांची अट घाला, दर महिन्याच्या बिलासोबत त्यांच्या पीएफचं चलन मागा आणि चलन नसेल तर बिलातून रक्कम कापा. कामगार गणवेशात नसला तर ठेकेदाराला दंड लावता येतो, मग या अटीवर का लावता येऊ नये?