वाइनचं ताट आणि मेसचं ताट

शीर्षक वाचून रेक्टर सरांच्या भुवया वर गेल्या असतील तर आधीच सांगून टाकतो. हा लेख 'प्या' म्हणून सांगायला लिहिलेला नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ती दारूच. दारूने किती घरं बसवली हे दारव्ह्यात कुणाला शिकवायची गरज नाही. दारूबंदीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बायाच रस्त्यावर उतरल्या आहेत. मग वाइनवर लिहायचं काहून बाप्पा? तर फ्रान्सच्या एका लाल वाइनची गोष्ट आपल्या मेसच्या ताटापर्यंत येऊन पोचते, म्हणून!

त्या वाइनचं नाव बोजोले. ल्यों शहराच्या उत्तरेला असलेल्या भागाचं हे नाव. ती गॅमे नावाच्या द्राक्षापासून होते. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने हे द्राक्ष हलकं ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला. म्हणजे थेट डिटेन्ड! पण दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत ते असं रुजलं की १९३७ साली 'बोजोले' या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. दुसऱ्या भागातल्या वाइनवर ते नाव लावता येत नाही. केमिकलवाल्यांसाठी आणखी एक गंमत. तिथे घड न चिरडता अख्खेच टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दाण्याच्या आतच आंबायला सुरुवात होते. त्यामुळे वाइनला तुरटपणा कमी येतो.

आता तिच्यासोबत खायचं काय? ल्यों हे रेशीम विणकरांचं गाव. तिथल्या 'बूशों' नावाच्या छोट्या खानावळींत वजडी, सॉसेज असलं साधं जेवण मिळतं. चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये लसूण आणि हिरवा पाला घालून केलेल्या एका पदार्थाचं तर नावच 'विणकराचा मेंदू'! ही जोडी कोण्या मोठ्या शेफने बसवलेली नाही. जवळ पिकतं, खिशाला परवडतं आणि कष्टकऱ्याच्या पोटाला चालतं, त्यातून ती बसत गेली.

हे वाचताना नागपूरचं सावजी आठवलं का? तेही विणकरांचंच, हलबा कोष्टी समाजाचं जेवण. जवसाचं तेल, काळा मसाला, झणझणीत रस्सा. फरक एवढाच की ल्योंवाल्यांनी आपली जोडी जगाला सांगितली आणि आपण आपली घरातच ठेवली.

आपल्याकडे वाइन म्हणजे नाशिक. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. चांगलं आहे. पण तिथली लाल वाइन बरीचशी शिराझ द्राक्षाची, म्हणजे मूळ ऱ्होन खोऱ्यातली. द्राक्षाबरोबर आपण नियमही उचलून आणला : लाल मटणाबरोबर लाल वाइन. हा नियम सावजीला लावून पाहा! तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वाइनमधल्या अल्कोहोलने आग कमी न होता वाढते, वर टॅनिनने तोंड कोरडं पडतं. ताकातलं केसिन मात्र ते कॅप्सेसिन धरून ठेवतं आणि धुऊन नेतं. तिखट जेवणावर ताक देणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं उत्तर बरोबर होतं.

माझं म्हणणं एवढंच. कशाबरोबर काय खायचं हे ज्ञान आहे, आणि ते ज्या मातीत तयार होतं तिथेच ते खरं ठरतं. अंबाडीच्या आंबट भाजीला ज्वारीची भाकर लागते. रोडग्याला वांग्याचं भरीत लागतं. झुणक्याबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा लागतो. या आपल्या जोड्या आहेत.

आणि आपल्या मेसमध्ये काय? मैद्याचे भटुरे, चवीला एकसारखी पनीरची ग्रेव्ही आणि रविवारी नूडल्स! भाकर नाहीच. बाहेर शेतात पाहिलं तर सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे पडली. ज्वारीबरोबर बैलाचा कडबाही गेला. २०२३ हे भरड धान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. मोठमोठ्या हॉटेलांत ज्वारी पोचली, पण ज्वारीच्या मुलखातल्या हॉस्टेलात काही पोचली नाही. जे धान्य आपणच खात नाही ते शेतकऱ्याने कुणासाठी पेरायचं? घरून आलेल्या मनीऑर्डरीच्या काळापासून आपली मेसबिलं शेतीच्याच पैशातून भरली जातात, हे तरी विसरू नये.

"इतक्या पोरांच्या भाकरी थापणार कोण?" हा प्रश्न येणारच. बचत गटाच्या बायांना ऑर्डर देता येईल. त्यांना काम मिळेल, आपल्याला गरम भाकर. ज्यांना भाकरीची सवय नाही त्यांच्यासाठी पोळ्या ठेवा. रोज नको, आठवड्यातून एक दिवस पुरे. आणि ज्वारी व्यापाऱ्याच्या दुकानातून न घेता तालुक्यातल्याच शेतकऱ्याकडून घ्या.

मेस कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय मी मांडणार आहे : बुधवारी रात्री ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी किंवा झुणका, कांदा, जवसाची चटणी आणि ग्लासभर ताक. ज्यांना पटलं त्यांनी हात वर करायला या. ज्यांना पटलं नाही त्यांनीही या, पण जेवून या... मेसमध्येच!