पुढच्यास ठेच लागते, पण मागचा शहाणा होतो का?

दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर आपल्या कॉलेजचा वार्षिक अंक हाती येतो. हाती आल्यावर आपण काय करतो, ते प्रामाणिकपणे आठवून पाहू. आधी छायाचित्रांची पाने उघडतो. आपला वर्ग शोधतो, आपला चेहरा शोधतो. मग मित्राचे नाव कुठे छापून आले आहे का, ते पाहतो. मराठीवाले मराठी विभाग चाळतात, कन्नडवाले कन्नड. आणि दोन दिवसांत अंक कपाटावर जाऊन पडतो. 'हल्लीची मुले वाचत नाहीत' असे याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. वाचावेसे वाटेल असे आपण त्यांना देतो का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

या बाबतीत पहिला गुन्हेगार मीच आहे. दोन वर्षांपूर्वी याच अंकासाठी मी 'पावसातील एक संध्याकाळ' नावाचा लेख लिहिला होता. धरणीने हिरवा शालू नेसला होता, मेघ गर्जत होते आणि माझे मन मोरासारखे नाचत होते. अंक घरी नेऊन मोठ्या अभिमानाने आजीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयस बाबा. पण ह्यो पाऊस कुठला? आपल्याकडं असा कुठं पडतोय?"

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. जुलैमध्ये ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की आमची शाळा बुडायची. चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवावे लागायचे आणि वह्यांना ओलीचा वास यायचा. यातले काहीही माझ्या लेखात नव्हते. लेखात 'मी' पानोपानी होतो, पण माझे असे काहीच नव्हते. तो लेख वाचून कोणाला चार क्षण बरे वाटले असतील तर आनंद आहे. मात्र तो कोणाच्या काही कामी आला असेल, असे मला वाटत नाही.

याउलट, स्वतःविषयी लिहिलेला एक मजकूर माझ्या एवढा कामी आला की त्याच्यामुळेच आज मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात बसलो आहे. तो कोणत्याही अंकात छापलेला नव्हता. शंभर पानी वहीत, निळ्या शाईने, एका सीनियरने लिहून ठेवला होता.

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. पदवीपूर्व वर्गाला सायन्स घेतले आणि एका दिवसात सगळे इंग्रजी झाले. ज्या गोष्टी मला येत होत्या त्याही ओळखू येईनात. 'संवेग' मला चांगला ठाऊक होता. 'मोमेंटम' म्हणजे तोच, हे कळायला दोन आठवडे लागले. फळ्यावरचे उतरवून घेत राहायचे, समजले नाही तरी मान डोलवायची, असे चालले होते. पहिल्या चाचणीत फिजिक्सला 50 पैकी 9 गुण पडले. आपण मठ्ठ आहोत, ही गोष्ट मी मनोमन कबूल करून टाकली.

माझ्याच गावचा एक मित्र माझ्यासोबत त्याच वर्गात होता. त्याचे गणित माझ्यापेक्षा सरस. तोही माझ्यासारखाच गप्प बसे. गणपतीला गावी गेला तो परतलाच नाही. "आपलं काम नव्हे ते," एवढेच म्हणाला. आज तो उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहे. काम कष्टाचे आणि प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा नाही. पण ते त्याने निवडलेले नव्हते, हे मला ठाऊक आहे.

तो गेल्यानंतर साधारण महिनाभराने, दिवाळीच्या आधी, ती वही माझ्या हाती आली. पहिल्याच पानावर लिहिले होते की पहिले तीन आठवडे लेखकाला काहीही समजले नव्हते, दोनदा तो वर्गातून उठून बसस्टँडवर जाऊन बसला होता आणि पहिल्या चाचणीत त्याला 11 गुण होते. हे वाचून मला जे वाटले ते सांगणे कठीण आहे. म्हणजे मठ्ठ मी एकटाच नव्हतो. किंबहुना आम्ही दोघेही मठ्ठ नव्हतो!

पुढे कामाच्या गोष्टी होत्या. उद्या शिकवणार असलेल्या भागातले फक्त अवघड शब्द आदल्या रात्री काढायचे, सगळा धडा वाचत बसायचे नाही. सर आकृती समजावत असताना लिहायचे नाही, नुसते बघायचे. उत्तर आधी मराठीत मनाशी सांगायचे आणि मग लहान लहान वाक्यांत इंग्रजीत लिहायचे. शेवटी तीन पाने शब्दांची होती: त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, जडत्व म्हणजे इनर्शिया. आणि एक प्रांजळ ओळ होती की केमिस्ट्रीचे काय करावे ते आपल्याला शेवटपर्यंत जमले नाही, ते दुसऱ्या कोणाला विचारा.

खोलीवर माझा जोडीदार बैलहोंगलकडचा, कन्नड माध्यमातून आलेला. त्याची दशा माझ्यापेक्षा निराळी नव्हती. मी वाचून दाखवी आणि तो त्याच वहीच्या मागच्या बाजूने कन्नडात उतरवून घेई. तेव्हा एक गंमत लक्षात आली. बल, वेग, जडत्व, संवेग हे शब्द त्याचेही तेच होते. आमचे 'त्वरण' तेवढे त्याच्याकडे 'वेगोत्कर्ष' झाले. एकमेकांना परके समजणारे आम्ही दोघे एकाच भिंतीवर डोके आपटत होतो, हे त्या शब्दांनी आम्हाला सांगितले.

आपल्याकडे म्हण आहे, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. म्हण खरी आहे, पण तिच्यात एक अट अध्याहृत आहे. पुढच्याने 'मला इथे ठेच लागली' असे सांगितले पाहिजे. तो जर रक्त पुसून, काही झालेच नाही अशा थाटात पुढे निघून गेला, तर मागचा शहाणा होत नाही. त्याच दगडाला अडखळतो. आणि वर स्वतःलाच दोष देतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, स्वतःविषयी लिहायचे असेल तर आपली ठेच लिहावी. यश लिहिले की वाचक टाळ्या वाजवतो. ठेच लिहिली तर तो पाय जपून टाकतो.

यासाठी दूर जायला नको. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून आपण रोज जातो-येतो. 1924 च्या डिसेंबरात महात्मा गांधी येथे काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, त्यांनी 'नवजीवन' साप्ताहिकात आपली आत्मकथा क्रमशः लिहायला घेतली. त्या वेळी साऱ्या देशात त्यांचे नाव झाले होते. तरीही त्यांनी काय लिहिले? तरुण बॅरिस्टर असताना मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिला खटला चालवायला उभे राहिले, ती 30 रुपये फीची गोष्ट लिहिली. साक्षीदाराची उलटतपासणी करायची होती. तोंडातून एक प्रश्न फुटेना. खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे द्या म्हणाले आणि फी परत द्यायला तयार झाले. वर्गात तोंडी परीक्षेला ज्याची बोबडी वळते, त्या मुलाला थोर पुरुषाच्या शंभर यशोगाथांपेक्षा ही एक फजिती अधिक धीर देईल.

मराठीतली जी आत्मपर पुस्तके टिकली, त्यांच्याकडे पाहावे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे काही साहित्यिक नव्हते. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, म्हणून ते घराबाहेर पडले आणि 1857 च्या वणव्यात सापडले. 1858 मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. त्यांनी लिहिलेला 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापला. कशासाठी निघालो, काय मिळाले, काय लुटले गेले, कुठे जीव मुठीत धरून लपलो, हे त्यांनी सरळ सांगितले. म्हणून आज इतिहासकारालाही त्या भिक्षुकाकडे जावे लागते. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने आली. वडिलांच्या सोवळ्याचा घराला होणारा जाच, नवऱ्याचा विक्षिपपणा, स्वतःचे अज्ञान, सारे त्यांनी हसत हसत मांडले. दोघांनीही मोठे शब्द शोधले नाहीत. जे घडले ते लिहिले.

येथे कोणी म्हणेल, "साहित्य म्हणजे काय बसचे वेळापत्रक आहे, त्याचा उपयोग मोजायला?" आक्षेप योग्य आहे. उपयोग म्हणजे नुसती माहिती नव्हे, हे मलाही मान्य आहे. वडील गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीवर कोणी चार पाने लिहिली, तर त्यातून अर्जाची तारीख कळणार नाही. पण ज्याच्या घरी यंदा तशीच दिवाळी आली आहे त्याला सोबत मिळेल. तो उपयोगच आहे, आणि फार मोठा आहे. मात्र त्यासाठीही ती दिवाळी खरी असावी लागते. 'दुःखाचा डोंगर कोसळला' या वाक्यात कोणाचेच वडील नसतात. वडिलांची चप्पल महिनाभर दारातून कोणी हलवली नाही, असे लिहिले की वाचकाला आपले दार आठवते.

मग लिहावे कसे? मी उपदेश करण्याच्या योग्यतेचा नाही, पण त्या वहीने मला चार गोष्टी शिकवल्या त्या सांगतो. पहिली, 'सर्व वाचकां'साठी लिहू नये. आपल्या एक पाऊल मागे असलेल्या एका माणसासाठी लिहावे. वहीच्या लेखकापुढे पुढच्या वर्षी मराठी शाळेतून येणारा एक भेदरलेला पोरगा होता. तो मी निघालो. दुसरी, आकडा, नाव, वेळ, खर्च यांची लाज बाळगू नये. 'खूप अभ्यास केला' याने काही कळत नाही. 'रात्री नऊ ते दहा फक्त शब्द काढले' याने कळते. तिसरी, जे आपल्याला येत नाही ते येत नाही असे लिहावे. केमिस्ट्रीबद्दलच्या त्या एका ओळीमुळे बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला. चौथी, आपली ठेच लिहिताना दुसऱ्याची जखम उघडी करू नये. माझ्या मित्राबद्दल वर लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवून, त्याच्या संमतीने. तो म्हणाला, "नाव नको, पण लिही."

आणि आपल्या अंकापुरती एक सूचना. मराठी विभागातला निदान एक लेख कन्नडात आणि कन्नड विभागातला निदान एक मराठीत यावा. कवितेचा अनुवाद कठीण असेल. पण वसतिगृह कसे मिळवले, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या कागदासाठी परत आला, पहिल्या मुलाखतीत काय चुकले, हे दोन्ही भाषांत सांगता येईल. एका अंकाच्या दोन बाजूंना राहून आपण एकमेकांचे पान उलटत नाही, हे बरे दिसत नाही. शंभर पानी वहीत जे जमले ते छापील अंकात का जमू नये?

ती वही माझ्याकडून पुढच्या मुलाकडे गेली, त्याच्याकडून आणखी कोणाकडे. मध्यंतरी मी चौकशी केली तेव्हा ती कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता आले नाही. वही अशीच जायची. अंकाचे तसे नाही. त्याची एक प्रत ग्रंथालयात शिवून ठेवली जाते. ती वही आमच्या वर्षी गणपतीच्या आधी कोणाच्या हातात नव्हती. अंकात छापलेली असती तर ग्रंथालयातल्या फळीवर ती जूनपासूनच असती आणि माझ्याआधी माझ्या मित्राने ती वाचली असती.

म्हणून यंदा मी पावसावर लिहिले नाही. पुढच्या वर्षी लेख द्याल तेव्हा आपापली ठेच आठवा, एवढीच विनंती.